पहिली आरसी बग्गी घेताय? साधी की अपग्रेड केलेली, ते असं ठरवा

बडोद्यात रविवारी सकाळी मैदानावर आरसी बग्गी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी गाडी, काढली की लगेच पोरं आणि त्यांचे वडील भोवती जमतात आणि प्रश्न ठरलेले, ही केवढ्याला पडली, किती पळते, आणि आम्ही घ्यायची तर साधी घेऊ की एकदम ब्रशलेसच, म्हणजे जास्त ताकदीच्या मोटरची, घेऊन टाकू. उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: पहिली गाडी साधी घ्या, पण अशी साधी की जिचा प्रत्येक पार्ट सुटा विकत मिळतो, आणि जे पैसे वाचतील ते चांगल्या चार्जरवर, दुसऱ्या बॅटरीवर आणि बेअरिंगवर घाला. वेगाचं सगळ्यात शेवटी बघायचं.

पायरी १: खेळणं आणि हॉबीची गाडी यातला फरक ओळखा

साधी म्हणजे खेळण्याच्या दुकानातली नव्हे. खेळण्याच्या गाडीत स्टिअरिंग एक तर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाही, आणि आतलं काही गेलं की गाडी माळ्यावर. हॉबीच्या गाडीत तुम्ही रिमोटचं चाक जेवढं फिरवाल तेवढंच पुढचं चाक वळतं, थ्रॉटल जेवढा दाबाल तेवढीच गाडी पळते, आणि मोटर, सर्व्हो, ईएससी, रिसिव्हर, शॉक, आर्म, सगळं स्क्रू काढून बदलता येतं. ईएससी म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी डबी, सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, रिसिव्हर म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणारा भाग, आणि शॉक म्हणजे धक्के झेलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

दुकानदार काहीही सांगो, घेण्याआधी एक काम करा. त्या मॉडेलचा पुढचा खालचा आर्म, म्हणजे चाक ज्याच्यावर टेकलेलं असतं तो, नेटवर शोधा. त्याला पार्ट नंबर आहे का, आणि भारतातल्या भारतात कुणाकडे तो पडून आहे का? असेल तर पुढचं बोलू. नसेल तर गाडी कितीही देखणी असो, नाव काढू नका, कारण तोच आर्म सगळ्यात आधी तुटणार आहे आणि शंभर-दोनशेच्या प्लास्टिकसाठी बाहेरून पार्सल येईपर्यंत वाट बघत बसणं यासारखा वैताग नाही.

पायरी २: पळवणार कुठं ते आधी ठरवा

हे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि खरं तर इथूनच सुरुवात करायला पाहिजे.

स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान. १/१८ यातली सगळ्यात लहान, १/१४ आणि १/१२ मधल्या, १/१० म्हणजे साधारण हातभर लांब, आणि १/८ चांगली जड. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि फरसबंदीवर १/१४ मजेत पळते पण गवतात अडकते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगा पडतात, आणि १/१८ चं पुढचं चाक त्या भेगेत गेलं की गाडी जागच्या जागी कोलांटी खाते. पावसाळ्यात तीच माती चाकाला असा लपेटा घालते की टायरचे खिळे दिसेनासे होतात आणि मोटरवर दुप्पट ओझं येतं. त्यामुळे शहराबाहेरच्या मोकळ्या शेतात, माळावर पळवायची असेल तर १/१० च्या खाली जाऊ नका.

नवलखीसारखं मोठं मैदान मोकळं असेल आणि कुणाचा कार्यक्रम नसेल तर १/१० ला उत्तम, पण आधी तिथं विचारून घ्या. कमाटीबागेत नको, तिथं लहान मुलं पळत असतात आणि दीड किलोची गाडी पोराच्या नडगीवर बसली तर हाड मोडू शकतं. सिंधरोटकडे मही नदीची रेती बघून हात शिवशिवतात, पण मऊ रेतीत चाकं खोल रुततात, मोटर भाजून निघते, आणि बारीक वाळू गिअरबॉक्समध्ये शिरली की दाते खाऊन टाकते. नवख्यानं रेती टाळावी. आणि विश्वामित्री नदीच्या काठाला तर अजिबात जाऊ नका, तिथं मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको, पण गाडी उतारावरून खाली गेली की माणूस विचार न करता मागं धावतो म्हणून सांगतोय.

पायरी ३: दोन चाकं ओढणारी की चार

टूव्हीलमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. जोरात थ्रॉटल दाबला की ढुंगण फिरतं आणि गाडी उलट तोंड करून उभी राहते. फोरव्हीलमध्ये चारी चाकं ओढतात, गाडी सरळ राहते, खाचखळग्यातून निघून जाते, पण आत दोन डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, थोडक्यात डिफ), मधला शाफ्ट, जास्त बेअरिंग, म्हणजे काम जास्त. बारा-तेरा वर्षांच्या पोरासाठी घेताय आणि स्क्रू-ड्रायव्हर तुम्हीच धरणार असाल तर टूव्हील घ्या, अर्ध्या तासात उघडून बंद होते. शिवाय टूव्हीलवर ज्याचं बोट थ्रॉटलवर बसलं तो पुढं कुठलीही गाडी चालवतो. नुसती मजा हवी असेल, जागा खडबडीत असेल तर फोरव्हील. यात फार डोकं लावू नका.

पायरी ४: ‘अपग्रेडेड’ म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

सोयीचं उदाहरण ट्रॅक्सस बँडिटचं आहे, कारण तीच टूव्हील १/१० बग्गी दोन प्रकारात येते. साधीत टायटन १२-टर्न ही ब्रश्ड मोटर आणि एक्सएल-५ ईएससी, कंपनी सांगते ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या प्रकारात वेलिनियन ३५०० ब्रशलेस, आणि कंपनी सांगते ताशी ११० च्या वर, तेही ३एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी आणि वेगळं गिअरिंग लावल्यावर. चासिस तसंच, आर्म तसेच, चालवणारा तर तोच.

आता हिशोब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. गाडी वाकडी चाललीय हे दिसून बोट उठायला अर्धा सेकंद लागला तरी ती ८ मीटर पुढं गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तीसनं जाऊन दगडाला लागली तर आर्म वाचतो, साठनं लागली तर आर्म, हब (चाक धरणारा तुकडा), शॉकची दांडी आणि कधी चासिससुद्धा जातं. मग नवखा माणूस म्हणतो की गाडीच भंगार होती.

ब्रश्ड मोटरमध्ये आत कार्बनचे ब्रश घासत असतात, ते झिजतात, मोटर गरम होते, पण मोटर स्वस्त आणि ईएससी पण स्वस्त. ब्रशलेसमध्ये घासायला काही नाही, टिकते जास्त, त्याच बॅटरीवर जास्त वेळ पळते आणि ताकद दांडगी. तिच्यावर केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३३०० केव्हीची मोटर २एस लायपोवर (लायपो ही बॅटरीची जात, पुढं सांगतो), म्हणजे दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर, ओझं नसताना २४ हजारांच्या वर फेरे घेते. तीच ३एसवर, ११.१ व्होल्टवर, ३६ हजारांच्या वर. हे सगळे फेरे शेवटी त्या छोट्या दात्यांवर आणि डिफमध्ये जातात. साध्या गाडीचा गिअरबॉक्स त्यासाठी बनवलेलाच नसतो, म्हणून साध्या गाडीत नुसती तगडी मोटर टाकली की आधी स्पर गिअर, म्हणजे मोटर जे मोठं दातेरी चाक फिरवते ते, जातो, तो स्टीलचा केला की डिफ जातं, डिफ मजबूत केलं की ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकाला जोर पोचवणारा दांडा, जातो. जोर कुठं तरी निघणारच, तुम्ही एक जागा बुजवली की पुढची कच्ची जागा शोधणार.

अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पार्टचं पण तेच. निळे-लाल आर्म दिसायला भारी, पण प्लास्टिकचा आर्म धडक बसली की वाकून परत जागेवर येतो, नाहीतर तुटतो आणि थोडक्यात भागतं. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकडाच राहतो, चाकाचा कोन बिघडतो, गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि डोळ्याला पटकन दिसत पण नाही. धातू हवा कुठं? मोटरचं पिनियन, म्हणजे तिच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, स्टीलचं हवं, चाकाचे हेक्स, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते सहाकोनी तुकडे, धातूचे चांगले, सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्यावरची छोटी दांडी, चालेल. आर्म, बंपर, पुढचे हब प्लास्टिकचेच राहू द्या.

ही निवड काही आजची नाही. १९८४ साली तामियाची ग्रासहॉपर आली, छोटी ३८० मापाची मोटर, साधं प्लास्टिकचं शरीर, कुणालाही जोडता येईल अशी, आणि त्याच साली टीम असोसिएटेडची आरसी१० आली, सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचं चासिस आणि शर्यतीसाठी बांधलेली. दोन्ही गाड्या आपापल्या जागी नावाजल्या, आणि ग्रासहॉपरवर शिकलेली कितीतरी माणसं पुढं शर्यतीत उतरली.

मग सरळ अपग्रेडेड कुणी घ्यावी? ज्यानं आधी आरसी चालवलीय, ज्याला सोल्डरिंग येतं, ज्याच्याकडे खरंच मोठी मोकळी जागा आहे आणि एका दिवसात पार्ट तुटले तर ज्याचा महिना बिघडत नाही, त्यानं बिनधास्त आर्मा टायफॉन ३एससारखी तयार ब्रशलेस गाडी घ्यावी. ती पहिल्यापासून त्या जोरासाठी बांधलेली असते, म्हणून साध्या गाडीला हळूहळू ताणत नेण्यापेक्षा ती परवडते. म्हणजे वेगच हवा हे आधीच पक्कं असेल तर तयार घ्या, शिकायचं असेल तर साधी घ्या. साध्या गाडीवर तिच्या किमतीएवढे अपग्रेड चढवणं मात्र कुणालाच परवडत नाही.

आणि एक, डब्ल्यूएलटॉइज १४४००१ बद्दल सारखं विचारतात. १/१४, फोरव्हील, खाली धातूची पट्टी, ५५० मापाची ब्रश्ड मोटर, कंपनी ताशी ६० सांगते. कमी जागेसाठी चांगली गाडी आहे. फक्त अशा स्वस्त गाड्यांत बऱ्याचदा रिसिव्हर आणि ईएससी एकाच डबीत असतात, म्हणजे उद्या ब्रशलेस करायची म्हटली की ईएससी, रिसिव्हर आणि रिमोट सगळंच बदलावं लागतं. घेताना एवढं लक्षात ठेवा.

पायरी ५: बॅटरी आणि चार्जर, इथं काटकसर नको

पैशांची वाटणी माझ्या मते अशी करा: जेवढं बजेट आहे त्यातलं साधारण साठ टक्के गाडीला, वीस टक्के बॅटरी-चार्जरला आणि वीस टक्के पार्ट आणि हत्यारांना. सगळे पैसे गाडीत घातले की पहिल्या धडकेनंतर हात बांधून बसावं लागतं.

बॅटरी दोन जातीच्या. निमएच म्हणजे १.२ व्होल्टचे सहा सेल, ७.२ व्होल्ट, दणकट, हाताळायला सोपी, पोराच्या हातात देता येते. लायपो हलकी, जोर शेवटपर्यंत सारखा देते, पण नियम पाळावे लागतात. एका सेलला भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधीच नाही. चालवताना ३.३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ठेवून द्यायची असेल तर सेलला ३.८ च्या आसपास ठेवायची, चांगल्या चार्जरवर त्यासाठी स्टोरेज मोड असतो. चार्ज १सी नं करायचं, म्हणजे ५००० एमएएच असेल तर ५ अँपिअर, १५०० असेल तर १.५. चार्जर बॅलन्स करणारा हवा, पांढऱ्या कनेक्टरची ती बारीक वायर त्याच्यासाठीच असते, आणि निमएचच्या मोडवर लायपो कधी लावायची नाही, आग लागू शकते.

ईएससीवर लायपो कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी गाडी थांबवणारी सोय, चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी बघा. बऱ्याच गाड्या निमएचच्या सेटिंगवर येतात, तसंच लायपो लावलं तर गाडी बॅटरीला पार तळापर्यंत पिळून काढते आणि बॅटरी परत उठत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. बंद कारमध्ये, स्कूटरच्या डिकीत लायपो ठेवायची नाही. मैदानावरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जला लावायची नाही, आधी निवू द्या. चार्ज करताना फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब, आणि घरात माणूस जागा पाहिजे. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कचऱ्यात पण टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. आणि विमानानं बॅटरी पाठवायला बंधनं आहेत, त्यामुळे कुरिअरनं यायला वेळ लागतो, सुट्टी लागायच्या आधीच मागवून ठेवा.

पायरी ६: पहिला दिवस

डब्यातून काढली की लगेच पळवायची नाही. सगळे स्क्रू एकदा हातानं तपासा. धातूत जाणारा स्क्रू असेल तर निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला लावायचं नाही, प्लास्टिक तडकतं. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात पडल्याचा बारीक टक् जाणवतो, मग घट्ट करा, नाहीतर दरवेळी नवे आटे पडून भोक मोठं होतं.

पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून गिअर फिरवा. पट्टीवर दात्यांच्या खुणा उमटल्या पण ती फाटली नाही तर बसवणी बरोबर.

चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम उलटा केला तर गाडी सिग्नलविना सुसाट सुटू शकते. एक्सएल-५ ईएससीला ट्रेनिंग मोड आहे, थ्रॉटल निम्म्यावर येतो, पहिले काही पॅक, म्हणजे भरलेल्या बॅटऱ्या, त्याच्यावरच चालवा. ज्यात मोड नाही त्यात रिमोटवर थ्रॉटल कमी करायची सोय बघा. दोन चपला वीस पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत राहा. गाडी तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तो गोंधळ इथंच जातो, नुसतं सरळ पळवून कधीच जात नाही.

एक पॅक संपला की मोटरवर बोट ठेवा. चार-पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक. चटका बसून लगेच उचलावं लागलं तर थांबा. मोटर ७०-८० अंशांच्या वर गेली की आतले चुंबक हळूहळू कमजोर होऊ शकतात. दोन पॅकच्या मध्ये पंधरा मिनिटं गाडी सावलीत ठेवायची, उन्हाळ्यात तर नक्कीच.

पायरी ७: अपग्रेड करायचे तर या क्रमानं

पहिलं बेअरिंग. तामियाच्या बऱ्याच किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश येतात, धूळ शिरली की ते घासतात, चाक डगडग करतं. बॉल बेअरिंग घातले की गाडी हलकी पळते, बॅटरी जास्त वेळ जाते, आणि मोटर पण कमी तापते, म्हणजे एका खर्चात तीन कामं. मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असतं. ११५० लिहिलं असेल तर ते ११ बाहेर, ५ आत आणि ४ मिलिमीटर जाड, औद्योगिक नंबर एमआर११५. हॉबीच्या दुकानाच्या आधी मकरपुऱ्याकडच्या बेअरिंगवाल्यांकडे हा नंबर सांगून विचारून बघा, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेले मागा.

दुसरे टायर. आपल्या कोरड्या धुळीच्या जमिनीवर लांब खिळ्यांचे मऊ टायर आणि डांबरावर चपटे, एकच टायर सगळीकडे चालवाल तर डांबरावर खिळे भराभर झिजतात. तिसरा सर्व्हो, कारण साध्या गाडीतला कमजोर असतो आणि स्टिअरिंग जागेवर येत नाही. धातूच्या गिअरचा घ्या, पण त्याच मापाचा आणि तेवढ्याच वायरींचा, काही स्वस्त गाड्यांत पाच वायरींचा सर्व्हो असतो तिथं तीन वायरींचा लागत नाही. चौथं शॉक, गळत असतील तर आधी ओ-रिंग बदला, तेल बदला, नवे घ्यायची वेळ बऱ्याचदा येतच नाही.

मोटर-ईएससी सगळ्यात शेवटी. आणि ब्रशलेस टाकलीच तर पिनियन आधी लहान लावा, पाच मिनिटं चालवून मोटर तपासा, थंड राहिली तरच एक-एक दात वाढवत जा.

पायरी ८: उत्तरायणानंतरची साफसफाई

रोजचं म्हणाल तर मऊ ब्रशनं माती झाडा, गिअरबॉक्सवर पाण्याचा पाइप मारू नका, बास. पण बडोद्यात एक काम जास्तीचं आहे. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली की पुढं कितीतरी दिवस प्रत्येक मैदानात, रस्त्याकडेला मांजा पडलेला असतो, आणि बग्गीचं फिरतं चाक तो गोळा करतं.

भाचा एकदा गाडी घेऊन आला, “मामा, गाडी ओढतच नाहीये, मोटर गेली वाटतं, ब्रशलेस घालू या का?” म्हटलं थांब रे, आधी मागचं चाक काढ. सात नंबरच्या पान्यानं नट काढला, चाक निघालं, त्याच्यामागचा हेक्स ओढला, त्यातली बारीक पिन तळहातावर घेतली, ती गवतात पडली की सापडत नाही, आणि हेक्सच्या मागं अ‍ॅक्सलवर गुलाबी मांजाची रिळासारखी घट्ट गुंडाळी. इतकी घट्ट की बेअरिंगचं सील आत दबलेलं. ब्लेडनं आडवा छेद देऊन तुकडे चिमट्यानं काढले, ओढायचं नाही, ओढलं की मांजा बोट कापतो आणि काचेची पूड आणखी आत जाते. एक बेअरिंग बदललं, ते बोटात धरून फिरवलं तर करकर वाजत होतं. गाडी परत पहिल्यासारखी पळाली, मोटरला काही झालं नव्हतं.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत गाडी मंद वाटली, आवाज बदलला, एखादं चाक हातानं फिरवल्यावर लगेच थांबलं, तर नवीन काही मागवण्याआधी चारही चाकं काढून बघा.

सेकंडहँड अपग्रेडेड मिळत असेल तर

स्वस्तात मिळते म्हणून लोक भुलतात. बघायला जाल तेव्हा आधी बॉडी काढायला सांगा. चारी चाकं हातानं वर-खाली, आत-बाहेर हलवा, खेळ किती आहे बघा. मागचं एक चाक धरून दुसरं फिरवा, डिफमधून खरखर आली नाही पाहिजे. चासिस काचेवर किंवा ओट्यावर ठेवून डुलतं का बघा, डुललं तर पट्टी वाकलेली आहे. सोल्डरचे जोड बघा, बॅटरी फुगलेली असेल तर किमतीतून ती वजा करा. मग त्यांच्याच हातानं पूर्ण एक पॅक चालवून घ्या आणि लगेच मोटरवर, ईएससीवर बोट ठेवा. कुठले कुठले पार्ट बदललेत त्याची यादी आणि जुने काढलेले पार्ट मागा. जुने पार्ट जपून ठेवणाऱ्यानं गाडी पण जपलेली असते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा आर्म वाकला की तेच प्लास्टिकचे परत लावता येतात.